खटारा सायकल आणि रस्त्याचा सातबारा

पंक्चरवाला ही आता शिवी झालीय. कुणाची लायकी काढायची असली की म्हणायचं, जा, पंक्चर काढत बस. टीव्हीवर म्हणतात, सभेत म्हणतात, मोबाईलवर तर दिवसभर म्हणतात. आणि म्हणणाऱ्याच्या चाकात खिळा घुसला की हाच माणूस रस्त्याच्या कडेला उकिडवा बसतो, टायर उपसतो, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधतो आणि साहेबाला घरी धाडतो. पण शिवी ती शिवीच. ज्याच्या हाताशिवाय गाडा हलत नाही त्याच्याच हाताला नावं ठेवायची, ही या देशाची जुनी खोड. आपल्याला ती काय नवी आहे?

तर दोस्तहो, या खेपेला कविता नाही, जाहीरनामा नाही. सायकलीवर लिहितोय. शोरूममधल्या नाही, खटाऱ्यावर. फ्रेम भंगारवाल्याकडची, पुढचं चाक एकाचं, मागचं दुसऱ्याचं, हँडलचा निकेल उडालेला, मडगार्ड खडखड वाजतंय, पण रोज सकाळी कामावर नेते आणि रात्री घरी आणते, अशी सायकल. माझं म्हणणं असं आहे की ही सायकल आपल्या पोरापोरींनी स्वतःच्या हाताने बांधायला शिकलं पाहिजे, लाज न बाळगता रोज चालवली पाहिजे, आणि रस्त्याच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लावून घेतलं पाहिजे.

आता वस्तीतली पोरं काय बोलणार ते मला पाठ आहे. म्हणतील, बाबासाहेबांनी सूट-बूट घातला, टाय बांधला, आणि तू साल्या आम्हाला भंगारावर बसवतोस? बरोबर विचारतात. साधेपणाचे धडे आपल्याला कुणी देऊ नयेत. ज्यांच्या पायाखाली पिढ्यान्‌पिढ्या गालिचे होते त्यांनी पंचा नेसला तर तो त्याग. आपल्या आज्याच्या अंगावर पंचाच होता, त्यात कसला आलाय त्याग? सायकल चालवून आत्मा शुद्ध होतो, पृथ्वी वाचते वगैरे प्रवचन मी करणार नाही. पृथ्वी ज्यांनी नासवली त्यांनी ती वाचवावी. आपला दूधवाला, पेपरवाला, धारवाला यांनी जन्मात धूर सोडला नाही, त्यांना त्याबद्दल कुणी शाल-नारळ दिल्याचं ऐकिवात नाही.

मी हिशेब मांडतोय. सुटाचाही हिशेबच होता, मान खाली घालायची नाही हा. खटाऱ्याचाही तोच.

चौदा हजारांवर गोडाऊनात किंवा सिक्युरिटीत लागलेला पोरगा. लाखभराची मोटारसायकल हप्त्यावर उचलतो. तीन वर्षं महिन्याला तीन हजारांच्या आसपास हप्ता. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. रोज अर्धा लिटर जाळलं आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तरी तेराशे उडाले. वर विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग, आणि नाक्यावरचा मामा. पगाराचा तिसरा हिस्सा गाडी खाते. आणि हे करून तो जातो कुठे? पाच-सात किलोमीटरवरच्या गोडाऊनात. जिथे सायकलने अर्ध्या तासात पोचता येतं.

पैशाचं एक वेळ सोडा. हप्ता माणसाला मवाळ करतो. ठेकेदाराने ओव्हरटाइम बुडवला, सुपरवायझरने आईवरून शिवी दिली, चार पोरं म्हणाली की उद्या कामावर जायचं नाही. आपल्या भिडूच्या डोळ्यापुढे काय येतं? पाच तारीख. हप्त्याची. फायनान्सवाल्याची दोन टगी पोरं दारात उभी राहून गाडीची चावी मागणार. मग तो खाली मान घालून गेटातून आत जातो. मालकाला याच्यापेक्षा स्वस्त चाबूक कुठे मिळणार? खटाऱ्यावर बसलेल्याच्या मागे कोणतीही फायनान्स कंपनी लागत नाही. त्याला लायसन लागत नाही, आरटीओ लागत नाही, पीयूसी लागत नाही. तो चार दिवस घरी बसू शकतो.

ज्याला रोज चाळीस किलोमीटर जायचंय, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, ज्याचे गुडघे गेलेत, त्याला सायकल सांगणं हा निर्दयपणा आहे. त्याने मोटारसायकल घ्यावी, बिनधास्त घ्यावी. बोलतोय ते बाकीच्यांशी. ज्यांना गाडी पायासाठी लागत नाही, नाक्यावर उभं राहून दाखवायला लागते, त्यांच्याशी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि आपल्या लोकांनी तिचा विचार कमीच केलाय.

बारा बलुतेदार मोजा. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट. पुढची यादी गावागणिक बदलते, पण कोणत्याही गावाची घ्या, तिच्यात सायकलवाला सापडत नाही. हे यंत्र बाहेरून आलं आणि येताना जात घेऊन आलं नाही. त्याचं काम कुणी करायचं हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं. पान्हा ज्याने उचलला त्याचा झाला. ज्यांना सुताराने रंधा दिला नसता, लोहाराने भात्याजवळ उभं केलं नसता, त्यांच्या पोरांनी तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर झाडाखाली एक पंप, एक घमेलं आणि चार पान्हे घेऊन दुकान थाटलं. मुसलमान पोरांनी थाटलं, आपल्या पोरांनी थाटलं. पाटलाची सायकल पंक्चर झाली की पाटलाला त्या झाडाखाली येऊन उभं राहावं लागे. पंक्चरवाला ही शिवी कशातून आली असेल ते आता लक्षात येतं का?

आणि हे यंत्र उघडं आहे. त्याच्या पोटात काहीच लपवलेलं नाही. पाय पडतो तिथपासून चाक फिरतं तिथपर्यंतचा सगळा कारभार डोळ्यासमोर चालतो. आजची नवी मोटारसायकल बंद पडली की मेकॅनिक आधी संगणक जोडतो. आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणेल ते बिल भरायचं. सायकलीला भटजी लागत नाही.

त्यातही आपल्याकडची काळी, दांडीची, २८ इंची चाकांची सायकल. हिचं रूप कित्येक दशकं फारसं बदललेलंच नाही. चेनच्या कडीचं माप अर्धा इंच, तेव्हाही आणि आताही. तीस वर्षांपूर्वीच्या फ्रेममध्ये लुधियानाहून आजच आलेल्या वाट्या आणि छर्रे बहुतेक वेळा बसतात. एका कंपनीचा चिमटा दुसरीच्या फ्रेमला चालतो. कंपन्या मरतात, सायकली जगतात. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, आसनसोलला सेन-रॅले होती. १९८० साली कायदा करून सरकारने दोन्ही ताब्यात घेतल्या, तरी त्या टिकल्या नाहीत. अ‍ॅटलसने १९५१ पासून सोनिपतात सायकली काढल्या. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. कामगार सकाळी गेटावर आले तर नोटीस चिकटवलेली. ३ जून हा जागतिक सायकल दिवस. हसावं की रडावं? पण या मेलेल्या कारखान्यांच्या फ्रेमी आजही भंगारात निघतात, आणि चिंधीने पुसल्या की खालून सरळ निघतात. ज्या कामगारांनी त्या जोडल्या त्यांचं काम किलोच्या भावाने वितळवू देऊ नका.

तर बांधायची कशी? हे जरा सविस्तर सांगतो, कारण पोरं इथेच फसतात. चाकाचा चकाकता रंग बघून पैसे देतात.

पहिली फ्रेम. बाकी सगळं बदलता येतं, फ्रेम वाकडी असली तर जन्मभर छळते. खिशात सुतळी ठेवा. मागचं चाक बसतं त्या एका खाचेला सुतळी बांधा, पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ. नसेल तर भंगारवाल्याला राम राम. मग पुढच्या सांध्याखाली बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर समजा की ही सायकल कुठेतरी समोरून धडकलीय. वरचा गंज चालतो. पायडलच्या मधल्या नळीत आतून गंजाची पापुद्री सुटत असेल तर नको.

हाच ठिकाणी एक सांगून ठेवतो. चोरीची फ्रेम घ्यायची नाही. स्वस्तात मिळते, कोण बघतंय, असं म्हणू नका. श्रीमंताची सायकल सोसायटीत सीसीटीव्हीखाली असते, दारू दुकानाबाहेर आणि स्टेशनाबाहेर उभी असते ती तुझ्या-माझ्यासारख्याची. ती गेली की उद्या सकाळी कुणीतरी पायी निघतो. भंगारवाल्याकडून चिठ्ठी मागून घ्या, फ्रेमवर ठोकलेला नंबर त्या चिठ्ठीवर लिहून घ्या. आपल्या पोराला जुन्या सायकलीवर बघितलं की पोलीस पहिला प्रश्न विचारतो, कुठून उचलली रे? चांगल्या सायकलवाल्याला तो प्रश्न कधीच पडत नाही. चिठ्ठी खिशात असली की आवाज चढवता येतो.

मग चाकं. पुढच्या चाकाला ३२ आरे, मागच्याला ४०, कारण वजन मागे पडतं. चाक फिरवून रिमच्या बाजूला खडू धरा. खडू घासला ती जागा त्या बाजूला आलीय. समोरच्या बाजूचा आरा थोडा ताणायचा, ह्या बाजूचा थोडा सैल. थोडा म्हणजे पाव फेरा. घाई केली की चाकाचं पापड होतं. याला आउट काढणं म्हणतात आणि हे काम एका दुपारी येत नाही, पण एका महिन्यात येतं.

चेन. पट्टी लावून मोजा. चोवीस कड्या बारा इंचांत बसल्या पाहिजेत. एक सूत पुढे गेल्या तर चेन झिजली, फेका. झिजलेल्या चेनने फ्रीव्हीलचे दात झिजतात, मग नवी चेन टाकली तरी ती दात ओलांडून उडते. फ्रीव्हीलच्या आत दोन छोटे खटके असतात, त्यांना दुकानात कुत्रे म्हणतात. ते गेले की पाय पुढे फिरतो आणि सायकल जागच्या जागी. चढावर, ट्रकच्या पुढ्यात असं झालं तर विचार करा. शंभर-दीडशे रुपड्यांसाठी तिथे कंजूषपणा करू नका.

डाव्या बाजूचं पायडल उलट्या आट्याचं असतं. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. चेनच्या बाजूची मधल्या नळीतली वाटीही तशीच उलटी. हे माहीत नसल्याने कित्येक पोरांनी पान्ह्याला पाइप लावून, दोघांनी लटकून, आटे खाऊन टाकलेत. क्रँकची कॉटर काढताना खाली पाइपचा तुकडा टेकू म्हणून लावा, मग हातोडी मारा. टेकू नसला की कॉटर वाकते आणि सगळा मार आतल्या छर्ऱ्यांवर जातो.

ब्रेकबद्दल मी ऐकून घेणार नाही. चप्पल टायरला दाबून थांबवणारे शूर खूप पाहिलेत, त्यांच्या चपलाही पाहिल्यात आणि गुडघेही. दोन्ही ब्रेक पाहिजेत. सळईचे असले तरी चालतात, पण रबर रिमवर नीट बसलं पाहिजे. पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक निम्माही लागत नाही, म्हणून पहिल्या पावसाच्या दिवशी आधीच हळू. मागे लाल रिफ्लेक्टर लावा. नसला तर लाल पत्रा, चकाकी कागद, काहीही. अंधारात रात्रपाळीहून येणारा काळा माणूस काळ्या सायकलीवर डंपरवाल्याला दिसत नाही. आणि मेला तर पेपरात चार ओळी येतात, त्यातही नाव चुकतं.

वजन वाहायचं असेल तर मागचं फ्रीव्हील बदला. ४४ दातांचं चेनव्हील आणि मागे १८ चं फ्रीव्हील असलं की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरला थोडी कमी जाते. २२ चं टाकलं की साडेचार मीटरच्या आत जाते, पण चढावर छाती फुटत नाही. भाजीवाल्या मावशीला, सिलिंडरवाल्याला, भंगार गोळा करणाऱ्या पोराला हे कुणी सांगत नाही. मोठ्या दुकानात २१ गिअरची सायकल दाखवतात. आपला एकच गिअर, पण तो आपण निवडलेला.

वजनावरून आठवलं. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी फ्रेंच फौजेला धूळ चारली. तोफा आणि तांदूळ डोंगरातून कसे पोचले? ट्रक होते, पण त्यांच्या जोडीला हजारो सायकली होत्या. हँडलला आणि सीटच्या नळीला बांबू बांधायचा, दोनशे किलो लादायचे आणि शेजारून ढकलत न्यायची. फ्रेंचांच्याच देशात बनलेल्या सायकलीही त्यात होत्या. नेमकी हीच युक्ती आज झारखंडमध्ये दिसेल. धनबाद, रामगढ, हजारीबागच्या घाटात माणसं दोन-दोन क्विंटल कोळसा सायकलीला टांगून ढकलत नेतात. त्यांच्या बाजूला कुठली फौज नाही. सायकलीने माणूस आपोआप मोकळा होत नाही, हेही त्या घाटात दिसतं. ती कोळसाचोराची सायकल म्हणून पोलीस पैसे खातो, आणि ज्या जमिनीखालून कोळसा निघतो ती कुणाची होती हे कुणी विचारत नाही.

आता घरातलं बोलू. बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं असतं.

आपल्या घरात एक सायकल आली की ती कुणाची होते? पोराची. बहीण तीन किलोमीटर शाळेत पायी. आई पाण्याला पायी, धुणंभांड्याला पायी, आणि भाऊ नाक्यावर जाऊन मावा आणायला सायकलीवर. हे वर्णाश्रम नाही तर काय आहे? तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीने बायकांना सायकल शिकवली. खाणीत काम करणाऱ्या, शेतात मजुरी करणाऱ्या हजारो बायका शिकल्या. लोकांनी घाणेरडं बोलून घेतलं. लेडीज सायकली कमी पडल्या तर जेन्ट्स घेतल्या, काहींनी तर दांडीचीच पसंत केली, कारण दांडीवर मूल बसवता येतं. बिहार सरकारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकल द्यायला सुरुवात केली, आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुली वाढल्या. तिथे सरकारला जे जमलं ते आपल्याला आपल्या गल्लीत जमू नये? दांडीची सायकल उंच पडते म्हणून पोरी अडतात. मग २० इंची फ्रेम शोधा, सीट पार खाली बसवा, हाफ पायडलने शिकू द्या. पडेल, उठेल. तिला शिकवताना गल्लीतल्या टगेगिरीला आवर घाला, एवढं काम आपल्या संघटनेच्या वाघांनी करावं.

आता रस्ता. गावापासून सुरुवात करू. पाटलाच्या वाड्यापुढून आपल्या माणसाने चप्पल हातात घेऊन जायचं, हे जुन्या लोकांनी भोगलंय. सायकल आली तेव्हा नियम वाढला. तामिळनाडूतल्या कित्येक गावांत सवर्ण गल्लीतून जाताना दलिताने सायकलीवरून उतरून ती ढकलत न्यायची, असं पाहण्यांत आणि अहवालांत नोंदलेलं आहे. १९५५ च्या कायद्याने रस्ता नाकारणं गुन्हा ठरला, तरी नोंदलेलं आहे. सायकलीवर बसलेला माणूस वीतभर उंच होतो. ती उंची त्यांना सहन होत नाही. नवरदेवाच्या घोड्याचं जे भांडण तेच हे.

शहरात जात सांगून उतरवत नाहीत. शहरात पाटी लावतात. कोलकात्यात २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली. कारण काय, तर वाहतूक मंदावते. म्हणजे दूधवाल्याने मंदावते, एकट्या माणसाच्या सात सीटच्या गाडीने मंदावत नाही. मुंबईत २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक समुद्र, पण सायकल नाही, पायी नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या जवळजवळ ४५ घरांत सायकल होती आणि मोटारगाडी पाच घरांतही नव्हती. कामावर सायकलीने जाणारे तेव्हा स्कूटर-मोटारसायकलने जाणाऱ्यांपेक्षा थोडे जास्तच होते. पूल मात्र त्या पाच घरांसाठी.

आणि सायकलसाठी म्हणून जे करतात ते बघा. पवई तलावाभोवती मुंबई महापालिकेने सायकल ट्रॅक काढला. तलावाभोवती कोण कामावर जातं? रविवारी सकाळी घट्ट चड्डी घालून फेऱ्या मारणाऱ्यांसाठी तो. २०२२ च्या मे महिन्यात हायकोर्टाने तो बेकायदा ठरवला. पुण्याला कधीकाळी सायकलींचं शहर म्हणत. कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा. त्याच पुण्यात २०१७ च्या डिसेंबरात पिवळ्या, केशरी भाड्याच्या सायकली आल्या, मोबाईलवर पैसे भरून घ्यायच्या. दोन-तीन वर्षांत त्या गायब. त्यांचे सुटे भाग आपल्या सायकलीला बसत नव्हते, कुलूप कंपनीच्या हातात, म्हणून त्या भंगार झाल्या तेव्हा खरंच भंगार झाल्या. आणि पदपथावरचे सायकल ट्रॅक? त्यावर गाड्या लागतात, डीपी उभी असते, मधेच झाड येतं.

कर बघा. २०१९ पासून विजेच्या मोटारगाडीवर जीएसटी ५ टक्के. वीस लाखांची असो की पन्नास लाखांची. आणि मजुराच्या सायकलीवर १२ टक्के. सहा वर्षं हे चाललं. २०२५ च्या सप्टेंबरात कुठे सायकल ५ टक्क्यांवर आली. तोवर कुणाला सुचलं नाही, कारण मागणारा कुणी नव्हता. रविवारवाल्यांना सात टक्क्यांनी फरक पडत नव्हता आणि आपण मागितलं नाही.

एक मासला तर अगदी हल्लीचा. हॉटेलांच्या भिंतीवर जुनी काळी सायकल टांगतात, दिव्यांची माळ सोडतात, खाली दोनशे रुपयांची कॉफी. खिडकीबाहेर तसलीच सायकल घेऊन आलेल्या वेटरला गेटातून आत घेत नाहीत. मागच्या बोळात लाव म्हणतात.

२०२० च्या उन्हाळ्यात सगळा देश एकदाच सायकलीकडे बघत होता. रेल्वे बंद, एसटी बंद, ठेकेदाराचा फोन बंद. मजूर सायकली विकत घेऊन निघाले. ज्योतीकुमारी पासवान, पंधरा वर्षांची पोर, जखमी बापाला मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्याला निघाली, बाराशे किलोमीटर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या लेकीने कौतुक केलं. सायकल फेडरेशनने चाचणीला बोलावलं. एक पोर बापाला घेऊन अर्धा देश ओलांडते तर त्यात यांना खेळाडू दिसला. तिच्यावर ती वेळ कुणी आणली हा प्रश्न त्या टाळ्यांत विरून गेला.

त्याच दिवसांत उत्तर प्रदेशात सहारनपूरला पंजाब-हरियाणाकडून येणाऱ्या मजुरांच्या सायकली प्रशासनाने ठेवून घेतल्या, त्यांना बसमध्ये बसवलं, हातात टोकन दिलं. नंतर येऊन घेऊन जा म्हणाले. कसं येणार? सहारनपूरहून गाव शेकडो किलोमीटर. जाण्यायेण्याचं भाडं सायकलीच्या किमतीहून जास्त. बरेच आले, नेल्या. हजारो येऊ शकले नाहीत. २०२२ साली उरलेल्या ५४०० च्या आसपास सायकलींचा लिलाव झाला, सुमारे २१ लाखांत. भागाकार करून बघा. एका सायकलीला चारशे रुपयेही पडले नाहीत. ज्याने उपाशीपोटी तीनशे किलोमीटर पायडल मारलं त्याच्या हातात टोकन राहिलं, आणि त्याची सायकल घेणाऱ्याने विकली.

ती सायकल त्याने कष्टाने घेतली होती, तरी ती त्याच्या नावावर कुठेच नव्हती. मोटारीला आरसी बुक असतं, तिला जप्त करायचं तर पंचनामा करावा लागतो. म्हणून मी म्हणतो, नोंद ठेवा. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. वस्तीत कुणाकडे कोणती सायकल, फ्रेमचा नंबर काय, कुठून घेतली. पोलिसापुढे ती वही ठेवायची. महापालिकेपुढेही तीच वही ठेवायची, की या वॉर्डात रोज कामावर सायकलने जाणारी माणसं इतकी आहेत, त्यांचा रस्ता हा आहे, तलाव नाही. ट्रॅक एमआयडीसीच्या गेटापर्यंत पाहिजे. मार्केट यार्डापर्यंत पाहिजे. सरकारी दवाखान्यापर्यंत पाहिजे. स्टेशनाबाहेर सायकलीला कुलूप घालायला लोखंडी दांडा पाहिजे, आणि सोसायटीच्या गेटाच्या आत कामवालीच्या सायकलीला जागा. अर्ज देऊन मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर दोनशे सायकली एका सकाळी साडेआठ वाजता एका पुलावर हळूहळू चालवत न्यायच्या. सायकल हळू चालवणं गुन्हा नाही. साहेबाला ऑफिसला उशीर होईल, होऊ द्या.

आणि वस्तीत जागा. समाजमंदिराच्या ओट्यावर, विहाराच्या मागे, कुठेही दहा बाय दहा. रविवारी दुपारी. सामान जास्त लागत नाही. मोठा अ‍ॅडजस्टेबल पान्हा एक, डंबेल पान्हा एक, कोनचा पातळ पान्हा, आरे पिळायची चावी, चेन तोडायचं, दोन हातोड्या, फ्रीव्हील काढायचा खटका, पंप, घमेलं, सोल्यूशन, कानस, ग्रीसचा डबा. सगळं मिळून एका मोटारसायकलच्या एका हप्त्यात येतं. पुण्यात असाल तर बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे पान्हे स्वस्त पडतात. शिकवायला वस्तीतला जुना सायकलवाला बोलवा, ज्याचं दुकान मोटारसायकलींनी खाल्लं. त्याला मास्तर म्हणा, आणि मास्तराचे पैसे द्या, फुकट राबवू नका. पहिल्या रविवारी नुसतं एक चाक उघडा. छर्रे रॉकेलात धुवा, मोजा, कोन तपासा, खड्डे पडले असतील तर बदला, ग्रीस भरून परत बसवा, आणि चाक बोटाने फिरवून किती वेळ फिरतंय ते बघा. फ्रेम जुनी चालेल, रिम जुनी चालेल, सीटही जुनी चालेल. छर्रे मात्र नवेच टाका.